ढेबेमामांचे तेवीस बंगले

“ताई, तो पॉलिशपेपर आधी खाली ठेवा.”

आवाज पाठीमागून आला. मी व्हरांड्यातली खिडकी घासत होते. तोंडाला ओढणी बांधलेली, केस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. वळून पाहिलं, तर पायरीखाली चपला काढून साठीकडे झुकलेला एक माणूस उभा होता. पांढरा लेंगा, वर खाकी शर्ट, डोक्यावर टोपी. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो गार्गीकडे बघत होता.

गार्गी माझी मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची. खिडकीखाली फरशीवर फतकल मारून बसली होती. वरून पडलेल्या पांढऱ्या भुकटीत बोटाने रेघा ओढायची, बोट तोंडात घालायची, की पुन्हा रेघा.

“बायला उचला,” तो म्हणाला. “हात धुवा तिचे, साबण लावून. तोंड पण. मग बोलू.”

अनोळखी माणसाने घरात शिरून असं सांगावं आणि मी ते मुकाट्याने ऐकावं, असा माझा स्वभाव नाही. पण मी उठले, गार्गीला काखेत घेतलं आणि मोरीत नेऊन तिचे हात धुतले. कशामुळे, ते अजून सांगता येत नाही. बहुतेक त्याच्या बोलण्यात घाई होती आणि ती घाई स्वतःसाठी नव्हती, हे मला कळलं असावं.

२००२ सालचा सप्टेंबर संपत आला होता. शिरीषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कंपनी आदल्या वर्षी बंद पडली. नवीन नोकरी शोधत फिरण्यापेक्षा आपलं काहीतरी करू, म्हणून आम्ही माथेरानला ‘फर्नडेल’ नावाचा एक जुना बंगला भाड्याने घेतला होता. मालकीणबाई पारशी, नव्वदीच्या, मुंबईत राहायच्या. पाच खोल्या, लांबलचक व्हरांडा आणि सगळीकडे लाकूड: तिरप्या पट्ट्यांच्या झिलमिलीच्या खिडक्या, दारं, कठडे. पाहुण्यांसाठी खोल्या आणि घरगुती जेवण अशी योजना होती. मार्चमध्ये राहायला आलो, पावसाळा कोंडून काढला, आणि आता दिवाळीच्या आत घर नवंकोरं दिसायला हवं होतं. चार खोल्यांचं बुकिंगही घेऊन ठेवलं होतं.

मी गार्गीला घेऊन परत आले, तोवर शिरीष बाहेर आला होता.

“रंगारी आहात का?” तो विचारत होता. “आम्हाला नकोय रंगारी. घासायचं काम आम्ही घरीच करतोय, रंगाला नेरळहून माणूस येणार आहे.”

“काम मागायला नाय आलो, साहेब. रामजी ढेबे माझं नाव. बाजाराच्या मागं राहतो.” तो खिडकीपाशी गेला. मी घासलेल्या जागी हिरव्या रंगाखाली पिवळा, त्याखाली निळसर आणि सगळ्यात खाली घट्ट पांढरा थर दिसत होता. त्या पांढऱ्यावर त्याने बोट ठेवलं, पण डाव्या हाताचं. उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, कुणी दोरी सोडून दिल्यासारखा. “हा खालचा सफेदा. शिशाचा असतो. वरचे तेलरंग पण काय धुतल्या तांदळासारखे नाय, पण हा सगळ्यात वाईट. भिंतीला चिकटून हाय तोवर गप असतो. घासला की पीठ होतं, आन ते पीठ पोटात गेलं की...” तो थांबला. गार्गीकडे बघून त्याने आवाज खाली आणला. “बाय खिडकीचे पोपडे खाते का?”

शिरीष माझ्याकडे बघायला लागला, कारण खात होती. पावसाळाभर तिला ती खोड लागली होती. खिडकीच्या कट्ट्याला तोंड लावून चाटायची, पोपडा सुटला की चॉकलेटसारखा चघळायची. त्याची चव गोड लागते, हे मला पुढे समजलं. आम्ही ओरडायचो आणि विसरायचो.

“मुलं मातीही खातात,” शिरीष म्हणाला. “आम्ही सगळे रंगवलेल्या घरांतच वाढलो.”

“पोट दुखतं का तिचं?”

पोट दुखत होतं. दोन महिने दुखत होतं. भूक मेली होती, चार-चार दिवस संडासला होत नव्हतं, चेहरा ओढल्यासारखा पांढुरका झाला होता. शिकलेले चार शब्द ती हल्ली बोलेनाशी झाली होती आणि कारण नसताना किंचाळायची. बाजारातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं होतं.

“रक्त तपासून घ्या,” ढेबे म्हणाले. “शिशाची तपासणी म्हणून सांगा, नाहीतर ते साधीच करतील. आन तोवर झाडू मारू नका, झाडूनं ते उडतं. ओल्या फडक्यानं पुसा. जेवायच्या आधी तिचे हात धुवा, झोपायच्या आधी पण. खेळणी धुवा. ह्या खिडकीजवळ तिला येऊ देऊ नका.”

एवढं बोलून ते पायरी उतरले, चपला पायात सरकवल्या आणि लाल मातीच्या रस्त्याने निघून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

“काम मिळवायची नवी तऱ्हा,” शिरीष म्हणाला. पण त्याने हातातला पॉलिशपेपर पुन्हा खिडकीला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गार्गीला घेऊन खाली उतरले. पावसाळ्यात नेरळची छोटी आगगाडी बंद असते. दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी येतात तिथवर, तिला कडेवर घेऊन चालत गेले, तिथून टॅक्सीने नेरळ, मग कर्जतला डॉक्टर फणसे यांच्याकडे. मुलांचे डॉक्टर, वयाने माझ्याएवढेच. शिसं म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. वीस मिनिटं एक जाड पुस्तक चाळलं. मग प्रामाणिकपणे म्हणाले, “मी अशी केस पाहिलेली नाही. पण तुम्ही सांगताय ते सगळं इथे लिहिलेलं आहे.” रक्त मुंबईला पाठवलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. अडतीस.

“अडतीस म्हणजे किती?” मी विचारलं.

“दहाच्या वर गेलं की काळजी करतात,” डॉक्टर म्हणाले. “खरं तर शिसं शरीरात मुळीच नसावं. मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, वाढीवर होतो. पंचेचाळीसच्या वर असतं तर तिला रुग्णालयात ठेवून औषध द्यावं लागलं असतं. तेवढं नाही, हे नशीब. लोह देऊ, दूध वाढवा, पोट उपाशी ठेवू नका. पण खरं औषध एकच आहे. ते घर तिच्यापासून लांब करा, नाहीतर तिला त्या घरापासून. तुम्हाला हे सुचवलं कुणी?”

“एका रंगाऱ्याने,” मी म्हणाले.

परतताना मी घरी न जाता सरळ बाजारामागच्या वस्तीत गेले. ढेब्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. शेणाने सारवलेलं अंगण, दारात तुळस. त्यांची बायको भागूबाई भाजी निवडत बसली होती. तिने गार्गीला बघितलं, माझ्या हातातला कागद बघितला, आणि न विचारताच म्हणाली, “निघालं ना?”

मी मान हलवली आणि तिथेच खाली बसले. रडू आलं ते थांबेना. तिने मला रडू दिलं. गार्गीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला, पण त्याआधी तिला उचलून न्हाणीत नेलं आणि तिचे हात धुतले.

“ते कामावर हायेत,” ती मग म्हणाली. “पेमास्तर शेटजींच्या बंगल्यात. येतील तुमच्याकडं. तुमचा नंबर त्यांनी दिवाळीनंतर धरला होता. त्या बंगल्यात लेकरू राहायला आलंय, हे बाजारात कळलं तसे धावत गेले.”

‘नंबर’ म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. माझं लक्ष त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ढेबेमामा आले. तेव्हापासून मी त्यांना मामाच म्हणू लागले. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं. प्रत्येक खिडकी उघडली, मिटली, फट न्याहाळली. मग आम्हा दोघांना व्हरांड्यात बसवून अटी सांगितल्या. बायला आजच्या आज दुसरीकडे पाठवायचं. मी तिला रोह्याला माझ्या आईकडे पाठवायचं कबूल केलं. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, “ताई, रागावू नका. तुम्हाला दिवस गेलेत का? तसं असंल तर तुम्ही पण इथं थांबायचं नाय.”

“नाही,” मी म्हणाले. “मी थांबणार आहे. मला काम शिकवा.”

“किती दिवस लागतील?” शिरीषने विचारलं.

“महिना तरी.”

“दिवाळी त्याच्या आत आहे, मामा. चार कुटुंबं येणार आहेत. दोघांनी पोरं सोबत आणतो म्हणून सांगितलंय.”

“मग तर घाई करूच नका,” ढेबेमामा म्हणाले.

काम कसं असतं, ते मी त्या दिवसांत पाहिलं. आधी खोली रिकामी केली. फरशीवर जाड प्लास्टिक अंथरलं, कडा भिंतीला चिकटवल्या, दारावर ओल्या चादरीचा पडदा लावला. मामांकडे गाळणी बसवलेले तीन रबरी मास्क होते, खोपोलीहून आणलेले. “फडकं बांधून धूळ थांबत नाय, नुसता घाम येतो,” ते म्हणाले. झाडांवर मारायचा पाण्याचा फवारा घेऊन आधी लाकूड चिंब करायचं, मगच पातं चालवायचं. ओला पोपडा पिठासारखा उडत नाही, सालीसारखा खाली पडतो. साली लगेच गोळा करून जाड पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. संध्याकाळी साबणाच्या पाण्याने फरशी पुसायची, आणि धुवायचं पाणी वेगळ्या बादलीत. अंगावरचे कपडे मागच्या पडवीत उतरवायचे, वेगळे धुवायचे. आत तंबाखू नाही, चहा नाही, पाण्याचा घोट नाही.

सगळंच खरवडायचं, असंही नव्हतं. जिथे रंग घट्ट होता तिथे मामा पातं लावतच नसत. “झोपलाय त्याला उठवू नका. वरून नवीन रंगानं झाकून टाकू,” म्हणायचे. पण खिडक्या आणि दारं जिथे घासतात, झिलमिलीच्या पट्ट्या जिथे वर-खाली होतात, तिथे मात्र इंचभरही सोडत नसत. “पोरांच्या तोंडात जातं ते इथून. रोज उघडता-मिटता थोडं थोडं पडतं.” हे सगळं ते डाव्या हाताने करायचे. उजव्याने नुसता आधार द्यायचे. मी कधी त्यांना थांबलेलं पाहिलं नाही, आणि घाईतही पाहिलं नाही.

चार दिवसांत एक खोली झाली.

पाचव्या दिवशी शिरीष सकाळीच खाली गेला. दुपारी परतला, तेव्हा सोबत एक माणूस होता. तिशीतला, अंगाने भरलेला, खांद्यावर रॉकेलवर भडका मारणारा मोठा दिवा. अन्वर नाव, नेरळचा रंगकामाचा ठेकेदार.

“हा दिव्याने रंग जाळून काढतो,” शिरीष माझ्याकडे न बघता म्हणाला. “पाच दिवसांत सगळं घर मोकळं करून देतो म्हणतोय. हेमा, आपल्याला दुसरा मार्ग नाही. बुकिंग परत दिलं तर हा हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर घरही जाईल. मग आपण कुठे जायचं, सांग.”

त्याचं चुकत होतं, असं मला आजही म्हणवत नाही. तो घाबरला होता. मीही घाबरले होते, फक्त माझी भीती वेगळ्या बाजूला तोंड करून होती.

मामा आतून पडदा बाजूला करून आले. मास्क काढला. तोंडावर रबराचे वळ होते. ते शिरीषशी बोललेच नाहीत. अन्वरच्या समोर जाऊन उभे राहिले.

“किती वर्षं जाळतोस?”

“आठ-नऊ वर्षं झाली,” अन्वर म्हणाला.

“डोकं दुखतं संध्याकाळचं?”

“या कामात दुखतंच, मामा.”

“पोट?”

अन्वरने खाली बघत मान डोलावली.

“घरी लेकरं किती?”

“दोन. धाकटी सहा महिन्यांची.”

“आन कामावरून गेलास की हेच कपडे घालून तिला घेतोस?”

मामांनी आपला उजवा हात वर उचलला. म्हणजे कोपरापासून उचलला. मनगट तसंच खाली पडून राहिलं. “माझ्या हाताला कुठं मार नाय लागला. हे शिशानं झालं. घासून एवढं होतं, तर जाळल्यावर काय होईल? जाळलं की त्याचा धूर होतो. धूळ निदान दिसते तरी. तो दिसत पण नाय. भिंतीवर बसतो, गादीवर बसतो. मग ती बाय परत आली की कुठली जागा पुसायची?”

मग अन्वरने खांद्यावरचा दिवा काढून पायरीवर ठेवला.

“साहेब,” तो शिरीषला म्हणाला, “मी हे काम करत नाही.” आणि मग मामांकडे वळून, “मला बघू द्या तुमचं काम कसं असतं ते.”

त्या दिवशी त्याने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो पुन्हा आला, आणि सोबत घरून बदलायचे कपडे आणले होते. शिरीषने मुंबईला फोन करून चारही कुटुंबांना नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ टेलिफोनच्या टपरीबाहेर उभा होता. पण कामाला मात्र तो हात लावत नव्हता. बाजारातून पाणी-सामान आणायचा, पिशव्या घोड्यावर लादून खाली, जिथे कारखान्यांचा विषारी कचरा पुरतात तिथे पाठवायची व्यवस्था करायचा, आणि मामांशी कामापुरतं बोलायचा.

नवव्या दिवशी आम्ही कोपऱ्यातल्या खोलीत होतो. तिथेच गार्गी झोपायची. खिडकीची झडप फारच खराब झाली होती, म्हणून अन्वरने बिजागरीचे स्क्रू काढून ती अख्खी उतरवली. चौकटीची जी कड इतकी वर्षं झडपेमागे झाकलेली होती, ती उघडी पडली. तिच्यावर रंग नव्हता, कच्चं लाकूड होतं. मी ओल्या फडक्याने ते पुसलं आणि थांबले. खिळ्याने कोरलेली अक्षरं होती. रा. ढे. १९६४.

मी दोनदा वाचलं. मामांकडे पाहिलं. ते पलीकडच्या भिंतीशी उभे होते. त्यांना कळलं होतं.

“हे कोण?” मी विचारलं, जरी मला ठाऊक होतं.

“मीच.” त्यांनी मास्क उतरवून हातात घेतला. “वीस वर्षांचा होतो. पहिला बंगला हा. फार हौस होती, म्हणून नाव कोरलं. मालकाला दिसू नये म्हणून तिथं कोरलं. सफेदा आम्ही हातानं कालवायचो, जवसाच्या तेलात. खालचा पांढरा थर सगळा माझ्या हातचा.”

दारात शिरीष उभा होता. तो केव्हा आला, आम्हाला कळलं नव्हतं.

“म्हणजे माझ्या मुलीच्या रक्तात जे आहे,” तो सावकाश म्हणाला, “ते तुमच्यामुळे.”

“व्हय,” मामा म्हणाले.

एवढंच. ‘तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं’ असं ते म्हणाले नाहीत. ‘सगळेच तसं करायचे’ असंही म्हणाले नाहीत. दोन्ही खरं होतं.

“आधी का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो, काम उरकल्यावर. आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला दारातून घालवलं असतं. तुमचं बरोबरच असतं ते. पण मग हे काम कुणी केलं असतं? शिव्या काय, नंतर पण खाता येतात.”

शिरीष वळला आणि निघून गेला. फाटकाचा आवाज आला. मामांनी मास्क पुन्हा चढवला आणि फवारा उचलला. अन्वर आणि मीही कामाला लागलो. दुसरं काय करणार होतो. तासाभराने ओली चादर बाजूला करून शिरीष आत आला. अंगात जुने कपडे, डोकं फडक्याने बांधलेलं. अन्वरचा मास्क त्याने मागून घेतला, आणि अन्वर बाहेर जाऊन थांबला.

“मला दाखवा,” तो मामांना म्हणाला. “पातं कसं धरायचं?”

मामांनी त्याच्या हातात पातं दिलं आणि आपल्या डाव्या हाताने त्याची मूठ तिरकी करून दिली. “असं. दाबू नका. लाकडाला लागता कामा नये.”

त्या संध्याकाळी मी कपडे बदलून भागूबाईकडे गेले. मला बाकीचं ऐकायचं होतं आणि मामांना विचारायचा धीर नव्हता. तिने चहा ठेवला आणि सांगितलं. तेवीस बंगले रंगवले होते त्यांनी माथेरानात, पंचवीस वर्षांत. मग हात पडला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शिसं शोधून काढलं आणि समजावून सांगितलं की हे रंगातून अंगात गेलं, आता रंगकाम बंद.

“यांनी डॉक्टरला एकच विचारलं,” भागूबाई म्हणाली. “हात बरा होईल का, ते नाय विचारलं. म्हणाले, साहेब, मी नुसता रंग लावला तर माझं हे झालं. मग त्या घरांत राहतात त्यांच्या लेकरांचं काय? डॉक्टर म्हणाला, मुलांना तर जास्तच बाधतं. दुसऱ्याच दिवशी घरी चला म्हणून हट्ट धरला. डाव्या हातानं पातं धरायला शिकले, वर्षभर त्यातच गेलं. तेव्हापासून हेच करतात. ज्या घरात लेकरू येतं त्याचा नंबर आधी. कुणी पैसे देतं, कुणी कुत्रं सोडतं. एका ठिकाणी पाच वर्षं जात होते, मालक आत घेईना. शेवटी घेतलं.”

“किती झाले?”

“तुमचा चौदावा.”

काम दिवाळी उलटून चार दिवसांनी संपलं. व्हरांड्याखालच्या मातीतही पोपडे पडलेले होते. मामांनी तिथली वरची माती काढायला लावली, नवी घातली आणि वर हिरवळ लावून घेतली. गार्गी नोव्हेंबरअखेर घरी आली. पहिले दोन दिवस मी तिच्या मागे ओलं फडकं घेऊन फिरत होते. मामा आले, त्यांनी तिला खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं आणि मला म्हणाले, “आता बसू द्या तिला.”

गार्गी आता चोवीस वर्षांची आहे. पुण्यात वाहनांच्या कारखान्यात काम करते, भरपूर बोलते. आकडेमोडीत ती लहानपणी मागे राहायची. ते त्या सहा महिन्यांमुळे की मुळातच, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी ते शोधत बसले नाही. आम्ही फर्नडेल बारा वर्षं चालवलं. अन्वरने दिवा कायमचा ठेवून दिला. आज नेरळ ते पनवेल जुन्या घरांची अशी कामं तो करतो आणि हाताखालच्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी कपडे कुठे बदलायचे ते शिकवतो. ढेबेमामा २०११ मध्ये गेले. तेवीसपैकी एकवीस बंगले त्यांच्या हयातीत झाले. उरलेले दोन अन्वरने केले.

पण मला ते डोळ्यांपुढे येतात ते त्या जानेवारीतले. गार्गीचा दुसरा रिपोर्ट आला होता. बावीस. डॉक्टर फणसे खूश होते, म्हणाले, याच गतीने उतरत राहील. मी कागद घेऊन मामांना शोधत निघाले. भागूबाईने रस्ता सांगितला: बाजार सोडून पार पश्चिमेच्या टोकाला, दरीच्या कडेला असलेला बंगला. तिथवर क्वचितच कुणी जात असे. फाटक गंजलेलं, अंगणात पाचोळ्याचा ढीग. आतून पात्याचा खर्र-खर्र आवाज येत होता.

मामा एकटेच होते. ओली चादर बाजूला करून बाहेर आले, मास्क उतरवला, पडवीत जाऊन हात-तोंड धुतलं आणि मगच माझ्याजवळ आले. मी आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला. मग कागद डाव्या हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडा ओळखला असावा. डोळे पुसले आणि कागद मला नीट घडी करून परत दिला.

मी इकडेतिकडे पाहिलं. खोल्यांना कुलपं, खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या. वर्षानुवर्षं कुणी राहत नसल्याच्या खुणा सगळीकडे होत्या.

“मामा, इथे तर मूल नाही,” मी म्हणाले.

“नाय,” ते म्हणाले आणि मास्कचे पट्टे डोक्यामागे ओढायला लागले. एका हाताने ते जमत नव्हतं, म्हणून मी पुढे होऊन पट्टा बांधून दिला. “येईल की.”